प्रश्न वाचकांचे : वर्गात बातमी कशी शिकवावी?

शाळेतील वृत्तपत्रवाचनाविषयी गेल्या अंकात या सदरात जे लिहिले होते, त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : समाजाला पत्रकारितेची आणि पडताळलेल्या बातमीची गरज का असते, हे विद्यार्थ्यांना कसे पटवून द्यावे? त्यांतील पाच प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. मी बावीस वर्षे एका जिल्हा दैनिकात उपसंपादक म्हणून काम केले आणि आता शिक्षकांच्या कार्यशाळा घेतो. उत्तरांमागे तेवढा अनुभव आहे.

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळेत आठवीला शिकवते. मुले विचारतात, 'बाई, गावात काही घडले की दहा मिनिटांत मोबाइलवर येते, मग दुसऱ्या दिवशी छापून येणारा पेपर कशाला हवा?' त्यांना पटेल असे उत्तर माझ्याकडे नाही.

उत्तर : मुलांचा प्रश्न रास्त आहे. 'पत्रकारिता हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे' हे उत्तर त्यांना देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुले ते वाक्य परीक्षेत लिहितात आणि विसरतात, कारण त्यामागचा अनुभव त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. त्याऐवजी त्यांना घरी जाऊन आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारायला सांगा. साठी ओलांडलेल्या कितीतरी माणसांना खडी फोडण्याची कामे, पाझर तलावावरची हजेरी, वाटली जाणारी सुकडी म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ आणि परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे ज्वारीचा एक प्रकार, अजून आठवतो. त्या आठवणी घेऊन मुले वर्गात आली, की पुढचा प्रश्न विचारावा : लागोपाठ तीन वर्षे पावसाने दगा दिलेला असताना आणि घरात दाणा नसताना महाराष्ट्रात माणसे लाखांनी उपासमारीने का मेली नाहीत? मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख लोक सरकारी दुष्काळी कामांवर होते. ती कामे आपोआप निघाली नव्हती. गावोगावचे मोर्चे आणि विधिमंडळातले प्रश्न यांच्या जोडीला कोणत्या तालुक्यात काम मिळत नाही, कुठे मजुरी थकली, कुठल्या विहिरीने तळ गाठला, हे सांगणारे वृत्तांत वर्तमानपत्रांत येत होते आणि त्यामुळे 'आम्हाला कळलेच नाही' असे म्हणण्याची सोय मुंबईत बसलेल्या कोणालाही उरली नव्हती.

त्याच्या शेजारी १९४३ चा बंगाल ठेवावा. युद्ध चालू होते, बातम्यांवर निर्बंध होते आणि सरकार दुष्काळाचे नाव घ्यायला तयार नव्हते. कोलकात्याच्या 'द स्टेट्समन'चे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी रस्त्यावर उपासमारीने पडलेल्या माणसांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे या संकटाचे खरे रूप बाहेरच्या जगापुढे आले. तोवर फार उशीर झाला होता. त्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत मेलेल्यांचे अंदाज २० ते ३० लाखांच्या घरात जातात. अमर्त्य सेन त्या वर्षी शांतिनिकेतनात शिकणारे नऊ वर्षांचे मूल होते. जिथे निवडणुका होतात आणि वृत्तपत्रे मोकळी असतात, त्या देशात मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडत नाहीत, हे त्यांनी पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून मांडले. या दोन दुष्काळांत इतर फरकही पुष्कळ होते, परकी सत्ता आणि महायुद्ध हे त्यांतले मोठे, आणि तेही मुलांना सांगायला हवे. तरीही 'बातमी पोहोचली नाही तर काय होते' हे आठवीच्या मुलाला कळण्यासाठी मला यापेक्षा चांगले उदाहरण माहीत नाही.

आता मोबाइलविषयी. मोबाइल वेगाने सांगतो, हे मुलांचे म्हणणे मान्यच करावे. मग १ जुलै २०१८ ची गोष्ट सांगावी. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राइनपाडा येथे त्या रविवारी आठवडे बाजार होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले असे पाच जण तिथे उतरले आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. अशी कोणतीही टोळी नव्हती. त्याच काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती. दुचाकीवरून आलेले दोघे उचललेले मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, हा तिचा शेवटचा भाग कापून ती पुढे पाठवली जात होती.

इथे वर्गात थांबावे आणि मुलांना विचारावे, की त्या दिवसांत कोणता एक प्रश्न विचारला असता तर ही अफवा उघडी पडली असती. थोडा वेळ दिला तर मुले स्वतःच उत्तरापर्यंत येतात : 'कोणाचे मूल हरवले आहे?' कोणत्या गावातले, कोणत्या घरातले, कोणत्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली आहे? वार्ताहराला हा प्रश्न रोज विचारावा लागतो, कारण नाव, गाव आणि नोंद मिळाल्याशिवाय बातमी पुढे सरकत नाही. असा प्रश्न विचारणारा माणूस समाजात रोज कामावर असावा लागतो, आणि पेपर कशाला हवा या प्रश्नाचे माझे उत्तर तेच आहे. मग तो पेपर कागदावर छापलेला असो की पडद्यावर दिसणारा असो.

प्रश्न : वर्तमानपत्रे आणि वाहिन्या स्वतःच खोटे छापतात, पैसे घेऊन बातम्या देतात. अशा वेळी त्यांच्यावर विश्वास ठेवा, असे मुलांना सांगणे अप्रामाणिकपणाचे नाही का? (एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा)

उत्तर : विश्वास ठेवा असे सांगूच नये, या मताशी मी पूर्ण सहमत आहे. आपली तक्रारही खरी आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत नॅनो चिप असल्याची थाप काही वाहिन्यांनीही खऱ्या बातमीसारखी दाखवली होती. २००९ च्या निवडणुकांत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत उमेदवारांचा प्रचार पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापला गेला आणि त्याची चौकशी भारतीय वृत्तपत्र परिषदेला करावी लागली. हे मुलांपासून लपवले, तर ती बाहेर ऐकतील आणि मग आपलेही काही ऐकणार नाहीत.

मात्र एवढ्यावर थांबलो, तर 'सगळेच खोटे असते' या निष्कर्षावर मुले येतात, आणि मला त्याची भीती भोळेपणापेक्षाही अधिक वाटते. ज्याला सगळेच सारखे खोटे वाटते, तो शेवटी आपल्या जातीचे, आपल्या गटाचे किंवा आपल्या आवडीचे म्हणणे तेवढे खरे मानतो. म्हणून चूक होते हे सांगताना, चूक झाल्यावर पुढे काय होते हेही शिकवावे लागते, आणि त्यासाठी आपल्याच इतिहासातली कोल्हापूर प्रकरणाची गोष्ट फार उपयोगी आहे.

१८८१ च्या जानेवारीत टिळक, आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'केसरी' आणि 'मराठा' ही वृत्तपत्रे सुरू केली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या वार्ता येत होत्या आणि संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर संशय घेणारी काही पत्रे या पत्रकर्त्यांच्या हाती आली. त्या आधारे या दोन वृत्तपत्रांनी बर्व्यांवर जळजळीत टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. दोघेही तेव्हा पंचविशीच्या आसपासचे होते. त्यांच्या हेतूविषयी लोकांना शंका नव्हती आणि सुटकेनंतर त्यांचे जंगी स्वागतही झाले. तरीही कागद खोटा होता, ही वस्तुस्थिती कोणाच्या थोरपणाने बदलली नाही. आपल्याकडे ही गोष्ट केवळ त्यागाची म्हणून सांगितली जाते. पत्रकारितेच्या वर्गात मी ती पडताळणीची म्हणून सांगतो : अन्यायाविरुद्धची चीड खरी असली, तरी हातातला कागद कोणी लिहिला हे तपासण्यातून सुटका नाही. मुलांना त्यातून दुसरी गोष्टही कळते. बर्व्यांना खटला भरता आला, कारण आरोप कोणी केला हे छापलेले होते.

हाच धागा धरून वर्गात आजचे वर्तमानपत्र उघडावे आणि मुलांना त्यातला सर्वांत बारीक मजकूर शोधायला लावावा. बहुतेक वेळा तो शेवटच्या पानाच्या तळाशी असतो : मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे, छापखान्याचा पत्ता, आणि बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी कोणाची हे सांगणारी एक ओळ. यांतले मुद्रक-प्रकाशकांचे नाव आणि ठिकाण छापणे १८६७ च्या कायद्याने बंधनकारक केले. त्यानंतर मुलांना मोबाइलवर आलेल्या एखाद्या संदेशाच्या तळाशी अशी ओळ शोधायला सांगावी. चूक छापली गेली तर खुलासा मागता येतो, वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते आणि न्यायालयातही जाता येते. वृत्तपत्र परिषद दंड करू शकत नाही, ताकीद देऊ शकते आणि ठपका ठेवू शकते. हा अधिकार अपुरा आहे, असे माझे मत आहे. पण 'फॉरवर्डेड' एवढीच ओळख असलेल्या संदेशाबाबत तक्रार तरी कोणाविरुद्ध करणार?

माझ्या उमेदवारीच्या काळातली एक रात्र सांगतो. घाटात खासगी बस उलटून सात जण दगावल्याचा फोन तालुक्याच्या वार्ताहराने केला, तेव्हा पान छपाईला सोडायला पाऊण तास उरला होता आणि मी मथळ्यात 'सात ठार' लिहूनही टाकले होते. मुख्य उपसंपादकांनी एवढेच विचारले, "सात कोणी मोजले?" वार्ताहराने ते घाटाखालच्या टपरीवर ऐकले होते. पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराला आकडा माहीत नव्हता, म्हणून ग्रामीण रुग्णालयात फोन लावला, तिथल्या परिचारिकेने नोंदवही पाहून सांगितले, की दोघांचा मृत्यू झाला असून पाच जणांवर उपचार चालू आहेत. पान वीस मिनिटे उशिरा गेले. माझा मथळा तसाच गेला असता, तर उपचार घेत असलेल्या त्या पाच जणांच्या घरी सकाळी काय झाले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. पडताळणी म्हणजे बहुतेक वेळा एवढेच असते, एक जास्तीचा फोन आणि नोंदवही पाहणारा माणूस.

प्रश्न : मी अकरावीत शिकते. आमच्या घरच्या ग्रुपवर आजोबा रोज काहीबाही पाठवतात. ते खोटे आहे असे म्हटले, की त्यांना राग येतो. मी काय करावे? (एक विद्यार्थिनी, इंदूर)

उत्तर : ग्रुपवर सर्वांसमोर खोडून काढू नकोस. आजोबांच्या शेजारी बसून विचार, "आजोबा, हे तुम्हाला कोणी पाठवले? त्यांना कोणी पाठवले असेल?" आणि दोघे मिळून शोधा. सुरुवात रागाच्या विषयावरून करू नये, गोड विषयावरून करावी. आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट असल्याचे युनेस्कोने जाहीर केले, हा संदेश कित्येक वर्षे फिरतो आहे आणि युनेस्कोने तो केव्हाच नाकारला आहे. राष्ट्रगीतावरचे आपले प्रेम त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, हे आजोबांनाही पटेल. मनाला सुखावणारी गोष्ट आपण तपासत नाही, हे एकदा दोघांच्याही लक्षात आले, की पुढचे बोलणे सोपे जाईल. आणि एखादे दिवशी त्यांचा संदेश खरा निघाला, तर तो खरा असल्याचे ग्रुपवर आवर्जून लिही.

प्रश्न : खरे काय आणि खोटे काय हे सरकारनेच अधिकृतपणे जाहीर केले, तर मुलांवर हा भार टाकण्याची गरजच काय? (एक पालक, ठाणे)

उत्तर : पूर, साथ किंवा परीक्षा यांविषयीची अधिकृत माहिती सरकारने तत्परतेने द्यावी, आणि तिथे तीच पहिली पाहावी. परंतु सरकारच्या कारभाराविषयीची बातमी खरी की खोटी, हे सरकारनेच ठरवावे का, हा प्रश्न वेगळा आहे. २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून केंद्राने आपल्या कारभाराविषयीच्या समाजमाध्यमांवरील मजकुरासाठी असा सरकारी तथ्यतपासणी कक्ष नेमण्याची तरतूद केली होती. मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान दिले गेले, जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरली. आणीबाणीत, १९७५ च्या जूनपासून, काय छापावे याचा निर्णय सेन्सॉर अधिकारी करीत होते, तेव्हा 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. ती कोरी जागा मुलांना दाखवावी आणि त्या दिवशी वाचकांना काय कळले असेल, हे त्यांनाच लिहू द्यावे. केरळमध्ये कण्णूर जिल्हा प्रशासनाने लसीकरणाविषयीच्या अफवांचा अनुभव घेतल्यावर शाळाशाळांत खोटे संदेश ओळखण्याचे वर्ग घेतले होते. सरकारने काय करावे याचे ते मला अधिक योग्य उदाहरण वाटते.

प्रश्न : मी गोव्यात बार्देश तालुक्यात मराठी शिकवतो. आठवड्याला एक तास मिळतो, वर्गात इंटरनेट नाही. नेमके काय करून घ्यावे? (एक शिक्षक)

उत्तर : इंटरनेट नाही ही अडचण समजू नका, पहिले दोन तास त्याशिवायच चांगले होतात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आपल्याजवळ आहे. 'नारळ दुपटीने महागला' असे एक वाक्य फळ्यावर लिहा आणि ते खरे आहे की नाही, हे शोधायला पाच-पाच मुलांचे गट पाठवा. प्रत्येक गटाने तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांना आणि दोन गिऱ्हाइकांना स्वतंत्रपणे विचारावे, एकाचे उत्तर दुसऱ्याच्या कानावर पडू न देता. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून एका बाजूला 'पाहिले' आणि दुसऱ्या बाजूला 'ऐकले' असे लिहायला सांगा. भाव लिहिलेली पाटी पाहिली असेल तर ती डावीकडे, 'गेल्या महिन्यात निम्मा होता' असे कोणी म्हणाले असेल तर ते उजवीकडे, बोलणाऱ्याने परवानगी दिली असेल तर त्याच्या नावासह. मुले परत आली, की हमखास वाद होतो. एक गट लहान नारळाचा भाव घेऊन येतो, दुसरा मोठ्याचा, कोणी शेकड्याचा आणणारही निघतो. हा वाद मिटवू नका, कारण 'दुपटीने' म्हणजे कोणत्या नारळाच्या, कधीच्या भावाच्या दुप्पट, हा प्रश्न त्यातूनच निघतो. त्यानंतर सहा ककार शिकवावेत : कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे. आधी शिकवले तर मुले ते पाठ करतात, बाजारातून आल्यावर शिकवले तर त्यांना लागतात. त्यांतल्या 'का'वर मात्र लक्ष ठेवा. कोणीतरी 'व्यापाऱ्यांनी साठा केला' असे ठोकून देईल. तसे लिहायचे असेल, तर एखाद्या व्यापाऱ्याला विचारून त्याचे म्हणणेही लिहावे लागेल, हे त्याला सांगा.

दुसऱ्या तासाला एक छायाचित्र छापून न्या. एक चिमुकला मुलगा आपल्याहून लहान बहिणीला कवटाळून बसला आहे, असे ते छायाचित्र २०१५ च्या नेपाळ भूकंपातले म्हणून जगभर फिरले आणि अनेकांनी त्यावर मदतीची आवाहने केली. प्रत्यक्षात ते २००७ मध्ये व्हिएतनामच्या डोंगराळ भागात टिपलेले आहे. छायाचित्र खरे, मुले खरी, फक्त त्याखालची ओळ खोटी, हे समजल्यावर वर्ग शांत होतो, असा माझा अनुभव आहे. 'फोटो आहे म्हणजे खरे' ही समजूत ढिली व्हायला तो एक तास पुरतो.

ज्या दिवशी एखादा संगणक मिळेल, त्या दिवशी एकच सवय लावावी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली होती. पहिले दोघे त्याच पानावर रेंगाळले, सुबक मांडणी आणि भारदस्त नाव पाहून फसलेही. तपासनीस मात्र ते पान लगेच सोडून, ही संस्था कोणाची आहे आणि इतर लोक तिच्याविषयी काय म्हणतात, हे दुसरीकडे शोधायला गेले. आपण घर घेताना मालकाच्या बोलण्यावर न थांबता शेजारी चौकशी करतो, तसेच हे आहे, असे सांगितले की मुलांना चटकन समजते.

शेवटी प्रत्येक गटाने शंभर शब्दांची बातमी लिहून शाळेच्या भित्तिपत्रकावर लावावी. खाली लिहिणाऱ्यांची पूर्ण नावे असावीत. बातमीच्या शेजारी वीतभर जागा कोरी ठेवा आणि वर 'खुलासा' असे लिहा. एखाद्या नारळवालीने निरोप पाठवला, की मुलांनी भाव चुकीचा लिहिला आहे, तर मूळ बातमी फाडून टाकू देऊ नका. त्याच मुलांनी पुढच्या शुक्रवारी पुन्हा बाजारात जावे, तिच्याशी बोलावे आणि त्या कोऱ्या जागेत दुरुस्ती तारखेसह आपल्या हाताने लिहावी.